बेटावरचे दोघे

१

थोरलीनं माझ्या पुढ्यात दोन वस्तू आपटल्या. एक लाकडी दीपगृह, आणि घडी घातलेला एक मोठा कागद.

"बघ आत्या. चोरी. भरदिवसा, नाकाखालून!"

थोरली म्हणजे माझ्या भावाची मुलगी. तिचा लाकडी कोड्यांचा कारखाना आहे. सुटी करायची आणि पुन्हा जुळवायची अशी जहाजं, घरं, प्राणी तिथं बनतात. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे मुलांच्या हातात काय टिकेल ते मला कळतं असा तिचा समज आहे. नवं कोडं झालं की ते आधी माझ्याकडे येतं.

"हे तुमचं नवं दीपगृह," मी म्हटलं. "अजून दुकानात यायचंय ना?"

"आमचं यायचंय. हे पलीकडच्यांचं आहे. त्यांच्या काचेत मांडून ठेवलेलं होतं. मी पैसे मोजून विकत आणलं, माझंच दीपगृह!"

पलीकडचे म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा कारखाना. तेही कोडीच बनवतात. थोरलीचा चुलतभाऊ, ज्याला घरात आणि कामावर सगळे दादाच म्हणतात, तो पूर्वी हिचा भागीदार होता. दोघं भांडले आणि दादा पलीकडे गेला. तेव्हापासून घरातल्या कार्यात दोघं एका पंगतीला बसले तर मध्ये मला बसवतात.

"दादाला आतून कुणीतरी दिलंय," थोरली म्हणाली, "आणि कुणी ते सापडलंसुद्धा."

तिनं कागद उलगडला. त्यावर नकाशा होता. करडे देश, करड्या सीमा आणि गावांच्या जागी माणसांची नावं. मधोमध कारखान्याचा मोठा देश, बाजूला दुकानदारांचा, खाली लाकूड पुरवणाऱ्यांचा. आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून तुटलेलं एक छोटं बेट. त्यावर दोनच नावं होती. दादा आणि रंगवाली, म्हणजे कारखान्यात कोडी रंगवणारी मुलगी.

"आपल्या टिल्लूनं काढलाय," ती म्हणाली. "कोण कुणाला मेल पाठवतं त्यावरून. दोघांचा वेगळा देश! आज संध्याकाळी तिला कामावरून काढतेय. पत्र तयार आहे."

"ती काय म्हणते?"

"कोण?"

"रंगवाली गं! तिला विचारलंस का?"

थोरलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "नकाशा आहे ना."

२

माझा पहिला वैताग इथं सुरू झाला. वर्गात मी नकाशा लावला की मुलं हात वर करायची. बाई, ही निळी रेघ कशाची? बाई, इथं काहीच का नाही? मोठी माणसं हात वर करत नाहीत. ती मान डोलावतात आणि कुणालातरी कामावरून काढतात.

मी दीपगृह पिशवीत टाकलं आणि तिच्याबरोबर कारखान्यात गेले.

दारातच व्यवस्थापक भेटले. शर्टाच्या खिशात चार पेनं, आणि त्या नकाशाची एक प्रत भिंतीवर स्वतःच्या हातानं चिकटवलेली.

"नकाशा खोटं बोलत नाही, आत्याबाई."

"नकाशे कसकसे खोटं बोलतात यावरच माझा पगार निघायचा," मी म्हटलं. "ध्रुवाजवळचं बेट नकाशावर खंडाएवढं दिसतं. मुलं विचारायची, ते खरंच एवढं आहे का? तुम्ही विचारलंत?"

"इथं ध्रुव कुठं आहे?"

"तेच म्हणतेय. उत्तर दिशा कुठली, दाखवा बरं."

ते खरोखरच कागदाजवळ गेले आणि मान वाकडी करून उत्तर शोधू लागले. मी डोळे मिटले.

"आणि हे सगळं करडं का?"

"प्रिंटरची रंगीत शाई संपलीय. मागवलीय. पण देश दिसतात की! बेट दिसतं. बेटावरचे दोघेही दिसतात. शिवाय तिला इथं कामाला आणलं कुणी? दादांनीच. आता बोला."

हे मात्र खरं होतं, आणि मला माहीत नव्हतं. थोरलीनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

३

रंगाची खोली माडीवर आहे. जिना अरुंद आणि कुरकुरणारा. रंगवाली खिडकीपाशी बसून दीपगृहांवर लाल पट्टे ओढत होती, हात जराही डळमळू न देता. घरात कमावणारी ती एकटीच. धाकटी बहीण तिच्या जिवावर शिकतेय, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. पत्र टाइप करणाऱ्यालाही ठाऊक असणार.

"खाली माझं नाव भिंतीवर लावलंय, येताना पाहिलं," ती मान वर न करता म्हणाली. "शाळेतसुद्धा माझं नाव कधी भिंतीवर लागलं नव्हतं."

"दादाशी बोलणं होतं का?"

"ते गेल्यापासून नाही. जाताना मलाही चल म्हणाले होते. मी बघून आले आणि नाही म्हटलं."

"का?"

"तिथल्या रंगाच्या खोलीला खिडकी नाही."

"मेल पाठवता का कुणाला?"

"मी? माझा पत्ता आहे कारखान्याचा, सगळ्यांचाच असतो. पण हाताला रंग असतो, त्या बटणांना लावू कशाला? ज्याला काही सांगायचं असतं तो जिना चढून येतो. कुणाला सांगायचं असलं तर मी उतरते." तिनं ब्रश धुतला. "आज सकाळपासून मात्र कुणी चढलं नाही. तुम्हीच पहिल्या."

मी पिशवीतून पलीकडच्यांचं दीपगृह काढलं. तिनं ते हातात घेतलं, सुटं केलं आणि पुन्हा जुळवायला लागली. पाया बसला. भिंती बसल्या. मधला गोल जिना बसला. शेवटचा तुकडा, म्हणजे दिव्याची टोपी, काही केल्या आत जाईना.

"हे आमच्यासारखं नाही," ती म्हणाली.

मी स्वतः प्रयत्न केला. टोपी अर्ध्यावर येऊन अडकली. फिरवली, दाबली, उलटी धरली. मी वैतागून ते दीपगृह घेतलं आणि खाली सुतारमामांकडे गेले.

सुतारमामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि एकदाच पाहिलं.

"जिना डावीकडे वळलाय," ते म्हणाले. "उजवीकडे वळायला हवा. नाहीतर टोपी त्याच्यावर आपटते."

"पलीकडच्यांनी नक्कल करताना चूक केली?"

"त्यांनी कुठली! ही चूक आपल्या थोरल्या ताईंची. त्यांच्या पहिल्या चित्रात जिना डावीकडेच होता. कागदावर काढायला काय जातंय! मी लाकडात घातल्यावर टोपी अडकली, तेव्हा मी तो फिरवला. माडीवर रंगायला गेले ते सगळे उजवीकडचेच."

मी स्टूल घेतलं आणि त्यांच्यापाशी बसले. ज्यानं हे चोरलं त्यानं तयार दीपगृह पाहिलंच नव्हतं. त्याच्याकडे फक्त पहिलं चित्र होतं. आणि रंगवालीच्या हातात फक्त तयार दीपगृहं आली होती.

"मामा, ते चित्र कुणाकुणाकडे होतं?"

"ते मला काय विचारता? मला तर कागदावर छापून हातात मिळालं." त्यांनी रंधा उचलला. "आता माझंही नाव भिंतीवर लावणार का?"

४

टिल्लू म्हणजे थोरलीचा धाकटा भाऊ. लहानपणी फार बुटका होता म्हणून टिल्लू. आता दारातून येताना वाकावं लागतं, पण नाव तेच राहिलं. कारखान्याचे संगणक तो सांभाळतो.

"आत्या, तू तरी म्हण छान झालाय म्हणून," तो म्हणाला.

"काढलास कसा ते दाखव. पहिल्यापासून. मी तिसरीतली आहे असं समज."

त्यानं पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. त्यात ना चित्रं ना बटणं. नुसती हुकूम टाइप करायची जागा. एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचं, एवढंच.

"ही माझी फाइल," तो म्हणाला. "हिच्यात नुसत्या जोड्या, दादा गेल्यानंतरच्या. थोरलीनं सुतारमामांना मेल पाठवला, की एक जोडी. दुकानदारानं व्यवस्थापकांना पाठवला, दुसरी. प्रत्येक जोडी म्हणजे दोन ठिपके आणि मध्ये एक रेषा."

"बरं. मग?"

"मग पहिला हुकूम ठिपक्यांच्या जागा ठरवतो. प्रत्येक ठिपका बाकीच्यांना ढकलतो, आणि रेषा म्हणजे रबर, ती ओढून धरते. ओढाताण थांबली की त्या जागा पक्क्या. दुसरा हुकूम त्या ठिपक्यांभोवती देश पाडतो. एकमेकांशी जास्त बांधलेले ते एका देशात. तिसरा हुकूम चित्र काढतो."

मुलांना सांगावं तसं त्यानं सांगितलं. मनात म्हटलं, हा काही वाया गेलेला नाही.

"आता मला रंगीत दाखव. पडद्यावर तर शाई लागत नाही ना?"

त्यानं हुकूम चालवला. नकाशा उमटला. कारखाना फिका पिवळा, दुकानदार निळसर. आणि कोपऱ्यातलं बेट...

"टिल्लू! हे बेट एक नाहीच! दादा हिरवा आहे आणि रंगवाली गुलाबी. हे दोन देश आहेत, नुसते चिकटलेले!"

"हो," टिल्लू म्हणाला. "करड्यात ते सारखेच दिसतात."

"आणि तू हे बोलला नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

मी पाण्याचा पेला उचलला, सगळं पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला.

मागून थोरली आणि व्यवस्थापक आत आले होते. "दोन देश असले तरी शेजारी आहेत," व्यवस्थापक म्हणाले. "शेजारी म्हणजे संबंध आलाच."

"टिल्लू, रेषा कुठं आहेत? या नकाशात एकही रेषा दिसत नाही," मी म्हटलं.

"नकाशात रेषा काढत नाहीत, घाण दिसतं. हव्या असतील तर देश पाडायच्या हुकमात एक आडवी रेघ आणि इंग्रजी ई, एवढंच टाकायचं."

"टाक."

त्यानं टाकलं. पिवळा देश रेषांनी भरून गेला. पिवळ्यातून निळ्याकडे रेषांचे जुडगे गेले, खाली लाकूडवाल्यांकडे गेले. आम्ही चौघंही कोपऱ्याकडे वाकलो.

दादा आणि रंगवाली यांच्यामध्ये रेषा नव्हती. दादापासून कुणाकडेच रेषा नव्हती. रंगवालीपासूनही नाही.

"मग हे दोघं शेजारी का?" थोरलीनं विचारलं. अखेर एक तरी हात वर झाला.

टिल्लूनं डोकं खाजवलं. "सुटे ठिपके कुणाला बांधलेले नसतात, म्हणून हा हुकूम त्यांना उरलेल्या जागेत कोंबतो. कोपरा मोकळा होता."

"म्हणजे उशिरा आलेली दोन मुलं," मी म्हटलं, "शेवटच्या बाकावर बसली. त्यांची मैत्री आहे म्हणून नव्हे. तेवढाच बाक रिकामा होता म्हणून!"

थोरली खुर्चीत बसली. "मग चोर कोण?"

मला मात्र आता वेगळंच काहीतरी खुपायला लागलं होतं.

५

"टिल्लू, तुझ्या फाइलमध्ये फक्त जोड्या आहेत म्हणालास."

"हो."

"एकट्याचं नाव कुठंच नाही?"

"कसं असेल? मेल पाठवायला दोघं लागतात."

"मग मला एवढंच सांग. फुगडीत एकटं कुणी येत नाही, कुणाचातरी हात धरूनच यावं लागतं. तुझ्या फाइलमध्ये जो आला, तो कुणाच्यातरी जोडीनं आला. मग हे दोघं बिनजोडीचे, नकाशावर आलेच कसे?"

टिल्लू पडद्याकडे वळून फाइल खालीवर सरकवू लागला.

"त्यांना रेषा होत्या," मी म्हटलं. "कुणीतरी कापल्या. कुणी हात लावला फाइलला?"

व्यवस्थापकांनी खिशातली पेनं चाचपली. "मी तर त्या काळ्या खिडकीजवळसुद्धा जात नाही."

"मीच," टिल्लू अगदी बारीक आवाजात म्हणाला. "पण रेषा नाही कापल्या गं आत्या. एक ठिपका काढला. एकच. तो माणूससुद्धा नव्हता."

"कोण होता?"

"सगळे."

"सगळे काय?"

"'सगळे' नावाचा पत्ता आहे कारखान्याचा. त्याला एक मेल पाठवला की प्रत्येकाला जातो. त्याच्या रेषा प्रत्येकाकडे जात होत्या, त्यामुळे सगळे ठिपके एका जागी ओढले जायचे. देशच पडेनात. नुसता एक बटाटा दिसायचा. मग मी तो ठिपका काढून टाकला. तो गेला तशा त्याच्या रेषाही गेल्या, आणि नकाशा काय सुंदर झाला!"

"ठेव तो परत."

"घाण दिसेल, आत्या."

"टिल्लू."

त्यानं ठिपका परत ठेवला. हुकूम चालला. सुंदर देश फुटले आणि पडद्यावर एक मोठा बटाटा उमटला. मधोमध "सगळे", त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या रेषा. एक रेषा रंगवालीकडे गेली होती. तिला "सगळे"मधून मेल येत होते आणि ती ते उघडत नव्हती, इतकाच त्या रेषेचा अर्थ.

आणि एक रेषा गेली होती दादाकडे.

"हा अजून यात आहे?" थोरली ओरडली. "तो गेला तेव्हाच त्याचं नाव काढायला हवं होतं!"

"मला कुणी सांगितलं..." टिल्लूनं सुरुवात केली, आणि माझ्याकडे बघून वाक्य गिळलं.

"आता प्रश्न एकच उरला," मी म्हटलं. "डावीकडच्या जिन्याचं ते पहिलं चित्र 'सगळे'ला कुणी पाठवलं?"

टिल्लू शोधू लागला. शोधायची गरज नव्हती. थोरलीचा चेहरा आधीच उतरला होता.

६

मेल सापडला. दीपगृहाचं चित्र जोडलेलं, वर थोरलीचं नाव आणि खाली एक ओळ. कसं वाटतंय सांगा.

"म्हणजे मीच?" ती म्हणाली. "माझ्या हातानं?"

"मनात आनंद झाला, सगळ्यांना सांगावंसं वाटलं. त्यात काही गुन्हा नाही. पण तू ज्यांना सगळे समजत होतीस ते, आणि तो पत्ता ज्यांना सगळे समजत होता ते, एक नव्हते."

तिनं तिथंच दादाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. दोन वाक्यांत तिनं त्याला सगळं सुनावलं.

"अगं, तूच विचारलंस ना, कसं वाटतंय?" तो म्हणाला. "मला छान वाटलं."

"निदान जिना तरी तपासायचास, निर्लज्जा!" थोरली कडाडली. "टोपी बसत नाही त्याची!"

पलीकडून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. मग दादानं हळूच विचारलं, "तुमची बसते?"

मी हात पुढे करून फोन बंद केला. दादाचा कान मी पुढच्या कार्यात पिळीन. मध्ये बसायचं असतंच.

व्यवस्थापक भिंतीपाशी गेले. नकाशाचे चारही कोपरे नखानं सोडवले आणि कागदाची छोटी छोटी घडी करत राहिले. थोरलीनं खणातलं पत्र काढून फाडलं, आणि मग संगणकासमोर बसून भराभरा टाइप करायला लागली.

"काय लिहितेस?"

"माफी मागतेय. रंगवालीची. सगळ्यांसमोर तिच्यावर आळ घेतला, माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी."

मी पडद्यावर पाहिलं. वर पत्त्याच्या जागी तिनं लिहिलं होतं, सगळे.

मी तिचा हात बटणांवरून उचलला. उचलला आणि तिच्याच मांडीवर ठेवला.

"थोरले, एक म्हणजे हा मेल दादाला जाईल. आणि दुसरं, जिची माफी मागायचीय ती तो उघडणार नाही. तुझ्याकडे माडीला जिना आहे. उजवीकडे वळतो. तिथून जा."

ती उठली. व्यवस्थापक दारात उभे होते, त्यांना म्हणाली, "तुम्हीही चला. आळ दोघांनी घेतला, जिनाही दोघांनी चढू." सुतारमामांनी रंधा थांबवला. सगळा कारखाना कान लावून वर ऐकत होता. जिना कुरकुरला, दार वाजलं. थोरलीचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. ती बराच वेळ बोलत होती. मग रंगवालीचा आवाज मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.

"ठीक आहे. आता आत येऊन बसा. पण दोघंही हात लावू नका कशाला, रंग ओला आहे. आणि ताई, रडायचं तर तिकडे, खिडकीपाशी."

सुतारमामा नाक शिंकरून पुन्हा कामाला लागले. मी खुर्चीत टेकले. सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली.

"आत्या," टिल्लू उत्साहानं म्हणाला, "दादाचा ठिपका काढून टाकला बरं का. कायमचा."

"शाब्बास. कुठून काढलास?"

"नकाशातून."

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या शेजारची खुर्ची ओढून जवळ घेतली आणि तिच्यावर थाप मारली.

"बस," मी म्हटलं. "पहिल्यापासून."